चांद्याचे बर्फ आणि ताडोब्याचे वाघ



मे महिन्यातली संध्याकाळ, दिवसभर तापलेल्या घाटाच्या पायऱ्या अजून निवलेल्या नाहीत, आणि अशा वेळी एका मनुष्याने आपल्यापुढे उभे राहून बर्फाच्या गोष्टी सांगाव्यात, हा एक तर विनोद म्हणावा लागेल किंवा सूड म्हणावा लागेल. मी विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या एका कार्यकर्त्याने मला विचारले की, आपण हिमालयावर बोलणार काय? मी म्हटले, नाही, चंद्रपुरावर. माझ्या अक्षरात काही गफलत झाली असावी, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. त्यांचा काही दोष नाही. ज्या गावी उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, त्या गावाशी बर्फाचा संबंध तो काय?

खरे सांगायचे तर माझाही अनेक वर्षे हाच समज होता. मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला मास्तर आहे. हिमनदीचा धडा आला की मी फळ्यावर आल्प्स पर्वत काढीत असे आणि शेवटी एक वाक्य ठरल्याप्रमाणे सांगत असे: ‘मुलांनो, आपल्या महाराष्ट्रात हिमनदीचे कार्य कोठेही पाहावयास मिळत नाही.’ हे वाक्य ऐकून गेलेला माझा एक विद्यार्थी पुढे वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणीवर नोकरीला लागला. तो एके दिवाळीत घरी आला, पिशवीतून दोन दगड काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, ‘सर, तुमचे ते वाक्य चुकले.’ ते दोन्ही दगड आज मी येथे आणले आहेत. एक नारळाएवढा गोटा आहे. त्याची एक बाजू सुताराने रंधा मारावा तशी सपाट झालेली असून तीवर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा आहेत. दुसरा हिरवट रंगाचा, मऊसर, चिखलाचा बनलेला दगड आहे. बोटाने दाबला तर त्याच्या पेन्सिलीसारख्या सळया सुटतात. आजचे सारे व्याख्यान या दोन दगडांचे आहे. ते ज्या भूमीतून आले, त्या भूमीच्या पोटात काय आहे आणि पाठीवर काय आहे, आणि या दोहोंचे एकमेकांशी कसे बिनसले आहे, हे मला सांगायचे आहे.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. हिमयुग म्हटले की केसाळ हत्ती आणि गुहेत शेकोटी करून बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ते हिमयुग अगदी अलीकडचे. त्याचा शेवटचा कडाका साधारण २०,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा फिनलंड, उत्तर पोलंड, उत्तर जर्मनी ही सखल भूमी बर्फाच्या जाड थराखाली होती. बर्फ पुढे सरकताना तळाचा खडक खरवडतो आणि वितळताना बरोबर आणलेली माती, वाळू, लहानमोठे दगड जेथल्या तेथे टाकून देतो. ही त्याची दोन कामे. खरवडलेल्या जागी आज हजारो सरोवरे आहेत, आणि शेताच्या मधोमध शेकडो मैलांवरून आलेले प्रचंड धोंडे बसलेले आहेत. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर जी तलवार बदके आणि थापटे आपण पाहायला जातो, त्यांची अंडी उत्तरेकडच्या अशाच सरोवरांच्या आणि दलदलींच्या काठी उबवली जातात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बांध घातला, त्यात गाळ साचला, दलदल झाली. बर्फाने तिकडे केलेले काम इकडे पाटबंधाऱ्याने नकळत केले, आणि २०२० साली त्या जागेला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला.

पण त्या अलीकडच्या हिमयुगात महाराष्ट्रात बर्फ नव्हते. हवा कोरडी होती, गवताळ माळ पसरले होते, आणि चाळीसगावजवळच्या पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी सापडले आहेत. सुमारे २५,००० वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या खानदेशात शहामृग धावत होते, हे आपल्याला ठाऊक असावे म्हणून सांगितले. चांद्याचे बर्फ याहून फार फार जुने. ते सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे.

तीस कोटी हा आकडा बोलायला सोपा आणि समजायला अशक्य. मी मुलांना एक युक्ती सांगत असे. एक वर्ष म्हणजे एक पातळ कागद धरा. दहा कागदांची जाडी एक मिलिमीटर. आता या पटांगणापासून त्र्यंबकच्या रस्त्याने कागद उभे लावीत चला. पांडवलेणी कोरली त्याला दोन हजार वर्षे झाली. ती वीतभर अंतरावर येतील. पाटण्याचे शहामृग अडीच मीटरांवर, म्हणजे या पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपाशी. ज्या लाव्ह्याचा आपला सह्याद्री झाला, ज्या काळ्या दगडात ती लेणी कोरली, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो सातपूरच्या आसपास. आणि चांद्याच्या बर्फापर्यंत पोहोचायला थेट त्र्यंबकेश्वर गाठावे लागेल. आपण ज्याला आदिम, अनादी म्हणतो तो सह्याद्री या बर्फापुढे कालचे पोर आहे.

आता हे बर्फ कोणाला दिसले, ते सांगतो. १८५६ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची तीन तरुण माणसे ओरिसातल्या तालचेर येथे कोळशाची पाहणी करीत होती. विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे भाऊ आणि त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड. कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक चमत्कारिक थर दिसला. बारीक, हिरवट चिखल, आणि त्यात मुठीएवढ्या गोट्यांपासून कित्येक टन वजनाच्या धोंड्यांपर्यंत सारे काही एकत्र कालवलेले. आता पाण्याचा स्वभाव आपण गोदाकाठची माणसे जाणतोच. पाणी निवडून टाकते. जोराचा प्रवाह असेल तर धोंडे राहतात आणि चिखल वाहून जातो. संथ असेल तर चिखल बसतो, पण मग धोंडे तेथवर येतच नाहीत. चिखल आणि धोंडे एका पंक्तीला बसवणे पाण्याला जमत नाही. ते बर्फाला जमते, कारण बर्फ निवड करीत नाही. जे सापडेल ते पोटात घेते आणि वितळले की एकदम खाली टाकते. या तिघांनी धाडस करून लिहिले की, हे काम बर्फाचे दिसते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सपाट प्रदेशात, बर्फ! युरोपात हिमयुगाची कल्पनाच तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. साहजिकच पुष्कळांनी मान हलवली, आणि ती होकारार्थी नव्हे.

मग पुरावा मिळाला तो आपल्या महाराष्ट्रात. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगा वर्धेला मिळते. त्या बाजूला, नदीच्या पात्रात, इरई नावाच्या गावाजवळ चुनखडीचा जुना खडक उघडा पडलेला होता. चंद्रपूर शहराला लागून वाहणाऱ्या इरई नदीशी या गावाची गल्लत करू नये. त्या खडकाची पाठ गुळगुळीत झालेली होती आणि तीवर समांतर ओरखडे व खाचा होत्या. वर तोच धोंड्यांचा हिरवट थर, आणि त्यातल्या धोंड्यांवरही तसलेच ओरखडे. फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली सर्वेक्षणाच्या नियतकालिकात याविषयी टिपण लिहिले. चोराच्या हातातली पहार आणि फोडलेली भिंत दोन्ही एकाच जागी सापडावीत, तसा हा प्रकार झाला. बर्फाच्या तळाशी घट्ट बसलेला दगड खालच्या खडकावर घासत जातो. खडकावर रेघ उठते आणि दगडाची एक बाजू झिजून सपाट होते. टेबलावरचा हा गोटा त्यातलाच एक. त्याची जी बाजू सपाट आहे ती बर्फाने जमिनीकडे धरलेली होती.

दुसऱ्या दगडाचेही ऐकावे. तो हिरवट चिखल म्हणजे हिमनदीने दळलेले खडकाचे पीठ, थंड पाण्यात सावकाश खाली बसलेले. उष्ण आणि दमट हवेत खडकातले काही खनिज कण लवकर कुजतात, त्यांची माती होते. या थरात ते न कुजता ताजेच्या ताजे राहिलेले आढळतात. म्हणजे हवा थंड होती. कोठे कोठे बारीक थरांच्या मधोमध एखादाच गोटा बसलेला दिसतो आणि त्याच्याखालचे थर वाकलेले असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यातून तो सुटला, टुपकन खाली पडला आणि मऊ चिखलात रुतला. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका क्षणाचा तो ठसा आहे. मला स्वतःला मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा हा रुतलेला गोटा अधिक पटवून देतो.

पण येथे एक विचित्र पेच उभा राहिला. असेच थर दक्षिण आफ्रिकेत सापडले, ऑस्ट्रेलियात सापडले, दक्षिण अमेरिकेत सापडले. मग काय सारी पृथ्वीच गोठली होती? तर तसेही नाही. कारण त्याच सुमारास युरोप आणि उत्तर अमेरिकेत उष्ण हवेतली अरण्ये माजली होती. या सगळ्या दक्षिणेकडच्या थरांवर कोळसा, आणि कोळशात एकाच वनस्पतीची पाने. तिचे नाव ग्लॉसॉप्टेरिस. पान जिभेच्या आकाराचे म्हणून ग्रीक भाषेतून घेतलेले नाव. समुद्रांनी तोडलेल्या या देशांत एकच झाड कसे? १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले. अंगात त्राण नसताना, स्लेज ओढवत नसतानाही त्यांनी सुमारे सोळा किलो दगड टाकून दिले नव्हते. ते पुढे त्यांच्या प्रेतांजवळ मिळाले. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती. चांद्याच्या खाणीतले पान आणि ध्रुवाजवळचे पान एकाच कुळातले निघाले.

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने याच वर्षी, १९१२ साली, मांडले की भूखंड एके काळी जोडलेले होते आणि पुढे सरकत दूर गेले. आपला भारत त्या वेळी दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांना चिकटून होता. बर्फाकडे आपण गेलो नाही आणि बर्फही आपल्याकडे आले नाही, आपण मुळी त्याच्या शेजारीच राहत होतो. वेगेनर यांचे म्हणणे जगाने पटकन ऐकले नाही. ते स्वतः १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फावर वारले आणि त्यांची कल्पना १९६० नंतर समुद्रतळाच्या शोधांनी खरी ठरली. त्या जुन्या महाखंडाला नाव पडले गोंडवन. गोंड राजांच्या मुलुखावरून भूशास्त्रज्ञांनी खडकांना हे नाव दिले आणि तेथून ते साऱ्या जगात गेले. ब्राझीलमधला आणि केप टाउनमधला भूगोलाचा विद्यार्थी आज गोंडांचे नाव घेतो. आपण महाराष्ट्रातली माणसे ते किती वेळा घेतो, हा प्रश्न मी मनातल्या मनातच ठेवतो.

बर्फ वितळले. खचत चाललेल्या खोऱ्यात हिमनद्यांच्या पाण्याने ओढे, तळी, दलदली झाल्या. त्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिसची रानेच्या राने उगवली, ऋतू बदलला की पाने गाळीत राहिली, आणि त्या पानांवर पुन्हा गाळ बसत राहिला. त्याचा कोळसा झाला. वर्धेच्या खोऱ्यात काही ठिकाणी कोळशाचा थर पंधरा मीटरांहून जाड आहे. त्यावर पुढे वालुकाश्म बसले. खाली सिरोंच्याकडे डायनोसोरांची हाडे आणि दगड झालेले वृक्षांचे बुंधे सापडतात, पण त्यांना वेगळी संध्याकाळ द्यावी लागेल. शेवटी पश्चिमेकडून आपला लाव्हा आला आणि जेथपर्यंत पोहोचला तेथपर्यंत त्याने सारे झाकून टाकले. चंद्रपूर जिल्हा हा त्याच्या किनारीवरचा मुलुख. म्हणून वरोऱ्याकडे कापसाची काळी जमीन आहे, आणि पूर्वेला मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या भागात भाताची शेते, मालगुजारीच्या काळातले तलाव आणि नांगराला फारशी न मानवणारी रेताड, खडकाळ रानपट्टी आहे. आज दिसणारी डोंगरदऱ्यांची घडण अर्थात नद्यांची आणि जमीन खचण्याची आहे. तिचे सगळे श्रेय बर्फाला देणे ही अतिशयोक्ती होईल. पण त्या सखल खोऱ्याच्या तळाशी गोंडवनी खडकांचा जो पहिला थर पडला, तो बर्फाने टाकला.

याच रानपट्टीत ताडोबा आहे. सागवान, बांबू, ऐन, तेंदू, मोह यांचे हे रान १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्री, गवे, तलावात मगरी. तलावाच्या काठी ताडोबादेवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला तारू नावाचा गोंड प्रमुख म्हणजेच हा देव, असे तेथले लोक सांगतात. पाहा, देव झाला तो वाघाला मारणारा नव्हे, वाघाकडून मेलेला. आणि आणखी एक योगायोग सांगतो. या व्याघ्रप्रकल्पाच्या पोटात एका गावाचे नावच ‘कोळसा’ आहे. ते तसे का पडले यात मी शिरत नाही. पण नकाशावर वाघांच्या मधोमध ‘कोळसा’ हा शब्द वाचला म्हणजे आपले सारे भांडण त्या एका ठिपक्यात आल्यासारखे वाटते.

मघाशी ज्या विल्यम ब्लॅनफर्ड यांचे नाव घेतले, त्यांनी उतारवयात काय केले ठाऊक आहे काय? ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेचे त्यांनी संपादन केले आणि त्यातला सस्तन प्राण्यांचा भाग स्वतः लिहिला. तो १८८८ ते १८९१ या काळात निघाला. ज्या माणसाने कोळशाखालचे बर्फ ओळखले, त्याच माणसाने कोळशावरच्या वाघाची नोंद केली. त्याला ही दोन शास्त्रे वेगळी वाटली नाहीत. आम्ही मात्र त्यांची दोन खाती केली, दोन कचेऱ्या केल्या, आणि एका खात्याच्या फाइलीत दुसऱ्याची जमीन फक्त हद्दीची रेघ म्हणून उरली.

कारण अडचण अशी की, कोळसा आणि वाघ एकाच खोऱ्यात आहेत. चांद्याच्या मुलुखात कोळशाच्या खाणी १८७० च्या सुमारास सुरू झाल्या. पूर्वी बोगदे खणून कोळसा काढीत. आता बहुतेक खाणी उघड्या आहेत. वरची माती, झाडे, दगड बाजूला काढून डोंगराएवढे ढिगारे घालायचे आणि खाली उतरायचे. त्या मातीच्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभूळ माजते, तीत रानडुकरे शिरतात, आणि डुकरांच्या मागे वाघ येतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची शक्ती आज २,९२० मेगावॅट आहे; त्या केंद्राच्या आणि कोळसा वसाहतींच्या आवारात वाघ-बिबटे वावरतात, ही तेथल्या लोकांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूर-गोंदिया लोहमार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले.

दुसऱ्या बाजूने पाहा. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ साली ३१२ झाले, २०२२ साली ४४४ झाले. त्यात चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. ही वाढ अभिमानाची आहे, आणि ती मी अभिमानानेच सांगतो. पण वाघाचे पिल्लू दोन-अडीच वर्षांचे झाले की त्याला स्वतःचे रान हवे असते, आणि रान काही गणनेबरोबर वाढत नाही. मग तो ब्रह्मपुरीच्या, सिंदेवाहीच्या गावरानात उतरतो. आपण गेल्या वर्षीच्या मेमध्ये म्हणा की त्याआधीच्या, उन्हाळ्याच्या सुटीत सफारीचे पैसे भरून वाघ पाहून आलो असू. त्याच मे महिन्यात तेथल्या बायकांचा तेंदूपानांचा हंगाम असतो. पहाटे रानात जायचे, वाकून पाने तोडायची, पुडे बांधायचे. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

मी नागभीडकडच्या एका खेड्यात दोन दिवस राहिलो होतो. ज्या घरी उतरलो त्या घरच्या बाईंना मी मास्तरी थाटात विचारले की, वाघाची एवढी भीती असताना रानात जाताच कशाला? त्यांनी मोह वाळत घातला होता, तो उलटापालटा करीत त्या म्हणाल्या की, हा मोह आणि ही पाने नसती तर पावसाळ्यातले चार महिने काढायचे कशावर, ते तुम्हीच सांगा. मला सांगता आले नाही. नाशिकला बसून त्यांना उपदेश करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. एवढे मात्र माझ्या ध्यानात आले की, त्या बाई वाघाविरुद्ध एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांचा राग होता तो रानात जायची वाट बदलली, चराईची जागा गेली आणि कोणी विचारले नाही, याचा.

आणि आपण नाशिककर यातून वेगळे आहोत, असे समजायचे कारण नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या मालगाड्या आपण पाहतो. त्यांतला कोळसा विदर्भाकडूनही येतो. हा ध्वनिक्षेपक ज्या विजेवर चालला आहे, तिच्यात ग्लॉसॉप्टेरिसची पाने जळत नसतील असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चुनखडीचीही तीच कथा. इरईजवळ बर्फाने ज्या पैनगंगेच्या चुनखडीवर रेघा ओढल्या, त्याच जातीच्या चुनखडीवर राजुरा आणि कोरपना तालुक्यांतले सिमेंटचे कारखाने उभे आहेत. आपल्या गंगापूर रस्त्यावर आणि इंदिरानगरात उठणाऱ्या इमारतींना सिमेंट लागतेच, ते कोठून तरी येतेच. सिमेंट नको, वीज नको असे म्हणणारा मी नव्हे. मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि उन्हाळ्यात पंखा दोनवर चालवीत नाही, पाचवर चालवतो. पण कोणती टेकडी खणायची आणि कोणती ठेवायची, दोन रानांमधली कोणती पट्टी वाघाला जाण्यायेण्यासाठी सोडायची, रेल्वेखालून वाट कोठे काढायची, आणि तेंदूच्या हंगामात बायकांच्या सोबतीला कोण जायचे, हे ठरवताना वीज वापरणाऱ्यांचाही आवाज लागतो. आजवर तो फक्त ‘वीज गेली’ एवढेच म्हणण्यासाठी निघाला आहे.

इरईच्या त्या खडकाविषयी मला विशेष वाटते. वाघाला निदान चाहते आहेत, त्याचा फोटो निघतो. नदीच्या पात्रातल्या रेघाळ चुनखडीचा फोटो कोण काढणार? पायथ्याशी उभे राहिले तरी तो दिसत नाही. उन्हे तिरपी असली तर रेघा उठून दिसतात, नाही तर तो नुसता खडक. युरोपात असा खडक सापडला तर त्याभोवती कठडा घालतात, शाळेच्या मुलांना नेऊन दाखवतात. आपल्याकडे चंद्रपूर, वणी, राजुरा येथल्या शाळांच्या सहली अजिंठ्याला येतात आणि आपल्या शाळांच्या सहली महाबळेश्वरला जातात. अजिंठा, महाबळेश्वर जरूर पाहावे. पण माझ्यासारख्या मास्तराने तीस वर्षे मुलांना चुकीचे वाक्य शिकवले ते का, तर तो खडक पाठ्यपुस्तकात नव्हता आणि सहलीच्या यादीतही नव्हता. निदान पुढच्या मास्तरांची तरी ही सबब राहू नये.

आता वेळ संपत आली आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले. एक शेवटची भौगोलिक गोष्ट सांगतो आणि थांबतो. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ही प्राणहिता दक्षिणेकडे जाऊन सिरोंच्यापाशी एका मोठ्या नदीला मिळते. ती नदी ब्रह्मगिरीवरून निघते, आणि आपण या क्षणी तिच्याच काठी बसलो आहोत. गंगापूरच्या धरणाने, जायकवाडीने आणि वाटेतल्या साऱ्या बंधाऱ्यांनी घेऊन जे काही उरेल ते आपले पाणी सिरोंच्याला बर्फाच्या मुलुखातल्या पाण्यात मिसळते.

ज्यांना दगड पाहायचे असतील त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाजवळ यावे. गोटा हातात घेऊन रेघांवरून नख फिरवायला हरकत नाही; त्याने याहून पुष्कळ सोसले आहे. हिरवा दगड मात्र मुलांच्या हाती देऊ नये. त्याच्या सळया सुटतात, आणि माझ्याकडे तो एकच आहे.